गाणारे बूट

माझ्या धाकट्या दिरांनी गाणारे बूट केले तेव्हा मला सांगलीच्या सासरी येऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांच्या कुठल्याच शोधानं मी दचकत नव्हते. त्याआधी त्यांनी दूध उतू जाऊ नये म्हणून वाजणारी घंटा केली होती. ती दूध उतू गेल्यावर वाजायची. गच्चीवरची टाकी भरली की आपोआप बंद होणारी मोटर केली होती, आणि खालच्या भाडेकरूंना आपल्या गाद्या दोन दिवस उन्हात वाळवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक वेळी सासूबाई म्हणायच्या, "त्याचं डोकंच वेगळं आहे." ते मला मान्य होतं.

भाऊजी गावातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. वरच्या खोलीत वायरी, सोल्डरिंगचा वास आणि परदेशी मासिकांचे गठ्ठे. त्यातल्याच एका मासिकात त्यांनी वाचलं की तिकडे कुणीतरी अंगात घालायच्या कपड्यांतून संगीत काढायच्या प्रयत्नात आहे. झालं. त्या दिवशी जेवताना मी आमटी वाढत होते, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "वहिनी, शहर हे वाद्य आहे. आपण ते रोज फुकट घालवतो."

"भात घेणार का?" मी विचारलं.

"माणूस चालतो म्हणजे काय करतो? ताल देतो. वाटेत ऊन लागतं, सावली लागते, गल्ली अरुंद होते, रुंद होते. हे सगळं स्वरांत आलं पाहिजे. चालणारा हाच वादक."

माझे मिस्टर बँकेत नोकरीला. ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि ताक मागितलं. त्या मान डोलावण्याची शिक्षा त्यांना पुढं भोगावी लागली, कारण दोघा भावांच्या पायाचं माप एकच होतं. भाऊजींना यंत्राकडे लांबून बघायचं असायचं, त्यामुळे ते घालायचं काम मिस्टरांकडे आलं.

यंत्र म्हणजे काय, तर कॅनव्हासचे पांढरे बूट. टाचेखाली आणि चवड्याखाली दाबली जाणारी बटणं. तिथून निघालेल्या वायरी पँटच्या आतून वर कमरेच्या पट्ट्याला. पट्ट्याला जेवणाच्या डब्याएवढी पेटी, त्यात सेल आणि कसल्या कसल्या चकत्या. डोक्याला टोपी, टोपीवर उजेड ओळखणारा काचेचा एक डोळा. पाऊल पडलं की पेटीतून एक स्वर निघायचा. उन्हात तो स्वर वर चढायचा, सावलीत खाली यायचा. ऐकायला कानावर हेडफोन.

मी साताऱ्याला असताना दहा-बारा वर्षं गाणं शिकले होते, त्यामुळे मला सल्लागार केलं गेलं. सल्ला म्हणजे, "वहिनी, भूपाचे स्वर तेवढे सांगा." मी सांगितले. त्यांनी ते पेटीत भरले. मी म्हटलं, "भाऊजी, पाच स्वर म्हणजे भूप नव्हे. कुठं थांबायचं, कशावरून कुठं यायचं, ते कोण ठरवणार?"

"शहर ठरवेल," ते म्हणाले.

शहरानं ठरवलं. मिस्टर ते सगळं अंगावर चढवून गणपतीच्या देवळापासून हरभट रोडनं निघाले, भाऊजी मागून वहीत टिपणं काढत, आणि मी सासूबाईंच्या आग्रहाखातर पिशवी घेऊन, भाजीला निघाल्यासारखी. थोड्या थोड्या वेळानं हेडफोन माझ्या कानावर यायचा. कुकरची शिट्टी आणि बर्फाचा गोळा विकणाऱ्याची घंटा यांच्या मधला असा तो एक आवाज होता. सा म्हणावा तर सा नाही. मिस्टरांच्या समोर सायकल आली की ते थबकायचे, मग संगीतही थबकायचं. खड्डा आला की दोन स्वर एकदम पडायचे. हळदीच्या पोत्यांचा ट्रक शेजारून गेला, त्याची सावली टोपीवर पडली आणि पेटी एकदम खर्जात उतरली. भाऊजींनी डोळे मिटले. "ऐकलंत? व्यापारपेठेचा गंभीर स्वर."

मी म्हटलं, "ट्रकचा आहे तो."

लोक वळून बघत होते. ओळखीच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेबांना हार्टचं काही निघालं का? डॉक्टरनी मशीन लावलंय?" मी हो म्हणून टाकलं. ते समजावून सांगायला सोपं होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण साताऱ्यात माझ्या माहेरच्या पेठेतल्या एका सांस्कृतिक मंडळाला वर्धापनदिनासाठी काहीतरी नवीन हवं होतं. दर वर्षी तीच सुगम गाणी आणि तेच बक्षीस वाटप करून ते कंटाळले होते. मिस्टर घरात हे सहज बोलून गेले आणि भाऊजींनी ते उचलून धरलं. मंडळाच्या लोकांना 'संगीतमय पदयात्रा' हा शब्द आवडला. यंत्र काय आहे हे त्यांनी विचारलंच नाही. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त अधिकारी मिळाले. त्यांना गाण्यातलं कळतं अशी गावात समजूत होती, कारण मैफलीत ते पहिल्या रांगेत बसून इतरांच्या आधी वाहवा म्हणत.

आता माझ्या माहेरचं थोडं सांगायला हवं. आमचं मूळ गाव उंब्रजकडचं, थोडी ऊसशेती. वडील, म्हणजे आबा, मिलिटरीत हवालदार होते आणि शेवटची बरीच वर्षं त्यांनी नव्या रंगरुटांना कवायत शिकवली. पोरांना चालायला शिकवणं हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. लहानपणी आम्ही बहिणी पाण्याची घागर घेऊन यायचो तीसुद्धा त्यांच्या 'बाएं दाएं' वर. पेन्शन झाल्यावर त्यांनी साताऱ्यात लहानसं घर बांधलं. आणि मग त्यांना कंपवात झाला.

हात थरथरणं सगळ्यांना दिसतं. आबांचं मुख्य दुखणं पायाचं होतं. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. विशेषतः उंबऱ्यापाशी. पलीकडे आई चहाचा कप घेऊन उभी, अलीकडे आबा उभे, आणि मधे दोन बोटं उंचीचं लाकूड. त्यांना कळत होतं, डोळ्यांनी दिसत होतं, पाय उचलत नव्हता. आई म्हणायची, "आवं, टाका की पाय." ते म्हणायचे, "टाकतुया. त्यो ऐकंना." ज्या माणसाच्या एका शब्दावर शंभर पाय उचलत होते, त्याचा स्वतःचा त्याचं ऐकेना. ते चिडत नसत. चहा गार झाला की तसाच पीत.

तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे साताऱ्याला पोचलो. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पदयात्रा. ज्यांना सातारा माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल की हा चढ आहे. सांगली म्हणजे परातीसारखी सपाट. यंत्राला चढ माहीत नव्हता आणि भाऊजींनाही नव्हता, कारण साताऱ्यात ते नेहमी रिक्षातनं फिरलेले.

शिवाय नवी सुधारणा केली होती. प्रमुख पाहुण्यांना चालत ऐकता यावं म्हणून हेडफोनला एक लांबलचक वायर जोडली होती. मिस्टर पुढं, टोपी, पट्टा, बूट अशा थाटात. त्यांच्या कमरेतून निघालेली वायर मागच्या पाहुण्यांच्या डोक्यापर्यंत. पाहुण्यांच्या अंगावर शाल, हातात नारळ, कानावर हेडफोन. मिस्टर जरा भराभर चालले की वायर ताणली जायची आणि पाहुण्यांची मान पुढं यायची.

नाक्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी काही माणसं बसली होती. त्यातला एकजण अगदी शांतपणे म्हणाला, "मागचं जनावर विकायचं हाय का, पाव्हणं?"

कुणी हसलं नाही असं दाखवत सगळे हसले. पाहुण्यांना हेडफोनमुळे ऐकू गेलं नाही. ते हात वर करून नमस्कार करते झाले.

चढ सुरू झाला तसे मिस्टरांचे पाय जड झाले. दोन स्वरांतलं अंतर वाढत गेलं. पाहुणे एकदा थांबले, हेडफोन हातानं दाबून धरला आणि म्हणाले, "आता विलंबित." त्यांना दम लागला होता. राजवाडा जवळ येईपर्यंत ढग आले, टोपीच्या डोळ्याला उजेड मिळेना, आणि पेटीतून एकच खालचा स्वर पुन्हा पुन्हा निघायला लागला, घशात कफ अडकल्यासारखा. पाहुण्यांनी त्यावरही मान डोलावली. राजवाड्यासमोर भाषणात ते म्हणाले की आज आपण आपल्या शहराचा आत्मा ऐकला. मंडळाच्या सेक्रेटरींनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी तुमचंच गाणं ठेवू या का?"

तिथून आम्ही आबांच्या घरी आलो. भाऊजी रुसलेले. साताऱ्याच्या लोकांना कान नाहीत असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी ओसरीवर बसून मासिक उघडलं. मिस्टर तसेच बुटांत, कारण वायरी सोडवायच्या म्हणजे पँट काढावी लागणार होती. आबा आतल्या खोलीत खुर्चीवर. त्यांना कार्यक्रमाला येता आलं नव्हतं.

"जावईबापू, काय वाजतंय त्ये मला तर ऐकवा," ते म्हणाले.

मी हेडफोन त्यांच्या कानावर बसवला. मिस्टर म्हणाले, "मी जरा चालतो मग, आबा," आणि खोलीतून ओसरीकडे निघाले. वायर सुटत गेली. आबा उठले. वायर ताणू नये म्हणून असेल, किंवा जावयाचा मान म्हणून असेल, ते मागं निघाले. मी हात द्यायला उठले, कारण समोर उंबरा होता. माझा हात पोचायच्या आत आबा उंबरा ओलांडून गेले. ओसरी, पायरी, अंगण. मिस्टरांचं पाऊल पडत होतं, मागोमाग आबांचं. आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. आबा फाटकापर्यंत गेले. फाटकाशी मिस्टर कडी काढायला वाकले, पावलं थांबली, आणि आबाही जागच्या जागी थांबले. मिस्टर पुन्हा चालायला लागले. आबा पुन्हा निघाले.

आई ट्रे खाली ठेवून डोळे पुसत होती. मी भाऊजींना म्हटलं, "बघितलंत का?"

"भूप आहे ना तो," ते मासिकातून मान न काढता म्हणाले. "भूपानं मन प्रसन्न होतं."

आबांनी हेडफोन काढला. "गानं म्या ऐकलं न्हाई," ते म्हणाले. "ठोका ऐकला. जावईबापूंचा पाय पडला की ठोका पडतुया. ठोका पडला की माझा पाय उचलतुया. दुसरं काय न्हाई."

मी भाऊजींना विचारलं की चार महिने हे यंत्र इथं राहू द्याल का. ते म्हणाले की ते पुण्याच्या एका प्रदर्शनाला न्यायचं आहे. मी म्हटलं, मग नुसता ठोका देणारं काही साधं करून द्या. तेव्हा त्यांनी मासिक मिटलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना सायकलचं पंक्चर काढायला सांगितलं. "वहिनी, त्यात कलेचं काय आहे? नुसता ठोका तर भिंतीवरचं घड्याळही देतं."

आमच्या घरात बाकी सगळ्यांना पुरून उरेल एवढी कला भाऊजींकडे होती, म्हणून मी ठोक्याच्या मागे लागले. आणखी दोन दिवस माहेरी राहिले. आबांच्या पुढं पाठमोरी चालून त्यांची सोयीची लय शोधली. ती मध्यलयीच्या जरा खाली होती. मग आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरपुढं बसून पोळपाटावर लाटण्याचं टोक आपटत कॅसेटची एक बाजू भरली. हात दुखून आला. गाण्याच्या वर्गात लय सुटली की गुरुजी वेताची छडी जमिनीवर आपटत, ती लय मी तेव्हा जन्मात धरली नसेल एवढी त्या दिवशी धरली. मिस्टरांनी आपला वॉकमन देऊन टाकला. त्यांनी घरात घेतलेला हा एक निर्णय मला चांगला आठवतो.

आबा वॉकमन शर्टाच्या खिशात घालून फिरायला लागले. न्हाव्याकडे, किराणा दुकानात, पेन्शन आणायला. पेठेतल्या लोकांना वाटलं म्हातारपणी गाण्याचं वेड लागलं. कुणी विचारलं, काय ऐकताय आबा, तर ते सांगत, "आमच्या लेकीचं गानं." एकानं कौतुकानं हेडफोन कानाला लावून पाहिला आणि लगेच काढून परत दिला. त्यानं पुढं माझ्याबद्दल काय सांगितलं असेल ते असो.

पुण्याच्या प्रदर्शनात भाऊजींच्या बुटांकडे कुणी फारसं फिरकलं नाही. तिथं त्यांना एवढं मात्र कळलं की संगीतापेक्षा आरोग्याच्या टेबलापुढं गर्दी जास्त असते. परत आले ते आबांची चौकशी करत. इतक्या वर्षांत माझ्या वडिलांची तब्येत त्यांनी पहिल्यांदा विचारली. दोन महिन्यांत बुटांची नवी आवृत्ती तयार झाली. आता स्वर जास्त, पेटी लहान, आणि सगळ्याला नाव दिलेलं, 'चरणसंगीत उपचार'. सांगलीतल्या एका सभागृहात व्याख्यान आणि प्रात्यक्षिक ठरलं. रुग्ण म्हणून आबांचं नाव पत्रिकेत छापून झाल्यावर मला सांगितलं गेलं.

मी म्हटलं, "भाऊजी, एक लक्षात घ्या. तुमचे बूट पाऊल पडल्यावर वाजतात. आबांना वाजल्यावर पाऊल टाकता येतं. त्या दिवशी बूट ह्यांच्या पायात होते, म्हणून ते चाललं. आबांच्याच पायात घातले आणि पाय अडला, तर वाजणंही थांबणार. मग ते निघणार कशावर?"

"ही संवादी प्रणाली आहे वहिनी," ते म्हणाले. "माणूस आणि यंत्र एकमेकांना सांभाळून घेतात."

"आणि दोघंही गप्प बसले तर?"

त्यांनी हसून मिस्टरांकडे पाहिलं. बायकांना तांत्रिक गोष्टी समजावून सांगताना पुरुष आपापसात हसतात, तसं. मिस्टरांनी या वेळी मान डोलावली नाही, तेवढंच.

मला वाटलं होतं आबाच येणार नाहीत. पण ते आले. आईला घेऊन एस्टीनं, इस्त्रीचा शर्ट घालून. मी रागावले तर म्हणाले, "तुझ्या सासरची मान्सं एवढं बोलावत्यात, न्हाई कसं म्हनायचं? आन् चालायचंच हाय न्हवं? ते काय मला नवीन हाय?"

सभागृह भरलं होतं. डॉक्टर, कॉलेजातले लोक, सासूबाईंचं भजनी मंडळ. स्टेजवर लाल गालिचा अर्ध्यापर्यंत अंथरलेला, पुढं नुसती फरशी. बुटांचा आवाज या वेळी लाऊडस्पीकरला जोडला होता. पडद्यामागं भाऊजींनी आबांच्या खिशातला वॉकमन काढून माझ्या हातात दिला. "दोन-दोन यंत्रं दिसायला बरी नाहीत."

आधी त्यांचं भाषण झालं. त्यात शहर, लय, विश्व, नाडी असं सगळं होतं. मग आबा आले. आई नको म्हणत असताना पायात चढवलेले ते पांढरे बूट, कमरेला पट्टा. पहिली काही पावलं बरी पडली. स्टेजवर नवीन ठिकाणी माणूस सावध असतो, शिवाय ते मिलिटरीतले, लोकांसमोर उभे राहिले की ताठ व्हायचे. लाऊडस्पीकरमधून टिंग टिंग स्वर आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गालिच्याची कड आली.

दोन रंगांच्या मधली रेघ. आबांना तिथं उंबरा दिसला हे मला पहिल्या रांगेतून समजलं. पाय थांबले. संगीत थांबलं.

भाऊजींनी माईक तोंडाशी घेतला. "हा विराम आहे," ते म्हणाले. "रुग्ण या क्षणी शांततेचा आनंद घेत आहे."

रुग्णाच्या गुडघ्यांना कंप सुटला होता. अंग पुढं झुकत चाललं होतं आणि पाय मागं राहिले होते. असं झालं की ते तोंडावर पडायचे, दोनदा पडले होते. भाऊजी प्रसन्न चेहऱ्यानं श्रोत्यांकडे बघत होते. त्यांना मागं वळून बघायचं सुचलं नाही. आई माझ्या शेजारी पदर मुठीत धरून बसली होती. वॉकमन माझ्या मांडीवर, पण हेडफोन घेऊन स्टेजवर पोचायला वेळ नव्हता.

मी जागेवर उभी राहिले आणि आवाज टाकला. "बाएं."

गाण्याचा गळा असला तरी मी सासरच्या माणसांसमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. सासूबाईंचं सगळं भजनी मंडळ माझ्याकडे वळलं. मी आबांकडे बघत होते. "दाएं. बाएं. दाएं."

आधी डावा पाय उचलला. कड ओलांडली. उजवा आला. आबांची पाठ सरळ झाली, हातसुद्धा हलायला लागले. आणि पाय पडायला लागल्याबरोबर ते बूटही टिंग टिंग वाजायला लागले, माझ्या मागून, उशिरा, बेसूर. मी थांबले नाही. स्टेजच्या पायऱ्यांशी मिस्टर पोचले होते, त्यांनी हात धरला. मी म्हटलं, "थम." आबा थांबले. सवयीनं त्यांनी टाचेला टाच जुळवली, आणि पेटीतून एक शेवटचा स्वर निघाला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भाऊजी माईकवरून म्हणाले, "पाहिलंत? संगीताचा परिणाम."

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात बातमी आली की चरणसंगीतानं वृद्ध जवान चालू लागला, आणि या वेळी श्रोत्यांतल्या एका भगिनीनं भावनावश होऊन घोषणा दिल्या. सासूबाईंनी ती बातमी कापून ठेवली. माझ्याशी त्या आठवडाभर तुटक वागल्या, भर सभेत सुनेनं ओरडावं हे त्यांना लागलं होतं. भाऊजी तर महिनाभर बोलले नाहीत. त्या महिन्यात घर फार शांत होतं.

परतीच्या दिवशी मी आई-आबांना स्टँडवर सोडायला गेले. आबांच्या कानाला हेडफोन होता, त्यांनी तो एका बाजूनं सरकवला.

"तुझी लय जरा घाईची व्हती," ते म्हणाले.

"तुम्ही पडत होता, आबा."

"तरी. घाई झाली की पोरं चुकत्यात." मग म्हणाले, "तुझ्या दिराला बोलू नगंस काय. हुशार हाय. पर मान्साकडं बघत न्हाई."

मी भाऊजींना काही बोलले नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. वर्षभरात त्यांना मुंबईला एका कंपनीत नोकरी लागली. त्यांनी चरणसंगीतावर दोन-तीन ठिकाणी लेख लिहिले, त्यात सातारच्या एका रुग्णाचा उल्लेख असे आणि तो पूर्ण बरा झाल्याचं असे. असे रोगी पूर्ण बरे होत नाहीत हे त्यांनी एकदा फोन करून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आता तर मुंबईहून येतात तेव्हा खिशातला फोन काढून दाखवतात, चाललं की आपोआप गाणं बदलतं म्हणे. मी म्हणते, छान आहे, आणि चहा ठेवायला आत जाते.

आबांना कॅसेट दोन-अडीच वर्षं पुरली. एकच नव्हे, पाय मंदावत गेले तशी मी नवी भरून द्यायची, आधीपेक्षा सावकाश. शेवटची भरली तेव्हा ठोके इतके लांब लांब ठेवावे लागले की मधल्या जागेत आमच्या स्वयंपाकघराचे आवाज शिरले. एका ठिकाणी कुकरची शिट्टी आली आहे. आबा साताऱ्याच्या ओसरीवर चालता चालता तिथं आले की थांबायचे आणि आईला सांगायचे, "आगं, कुकर बंद कर." आईनं तेव्हा कुकर लावलेलाच नसायचा. ती आतूनच "व्हय, केला" म्हणायची, आणि मग पुढचा ठोका पडायचा.